गोव्यात कायमचं राहायला यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि आमची उत्तरं

आम्ही दोघं ३१ वर्षं डोंबिवलीत काढली, २०१४ ला मी बँकेतून रिटायर झालो आणि सामान बांधून इकडे आलो. पहिलं दीड वर्ष बार्देशात भाड्याने, त्यानंतर आजपर्यंत फोंडा तालुक्यात. दरवर्षी कोणीतरी ओळखीचं थर्टी-फर्स्टला गोव्यात येऊन जातं आणि २ जानेवारीला फोन करतं की अरे आम्ही पण आता तिकडेच यायचं म्हणतोय, जरा सांग ना. प्रश्न सगळ्यांचे तेच असतात, म्हणून एकदाच बसून टाईप केलंय. मी एजंट नाही, वकील पण नाही. जे भोगलं आणि जे बघितलं ते लिहिलंय.

प्र. सगळ्यात आधी काय करायचं? घर बघायला कधी येऊ?

घर बघायला येऊच नका आधी. मे महिन्याच्या शेवटी भाड्याने घर घ्या आणि ऑक्टोबरपर्यंत राहून दाखवा. डिसेंबरमधला गोवा बघून घर घेणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये मुलगी बघून संसार कसा होईल ते ठरवण्यासारखं आहे. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस आपण मुंबईकडे पण बघतो हो, पण तिकडे तो रस्त्यावर असतो, इकडे घरात येतो. भिंतीतून नाही, हवेतून.

आमचा पहिला जुलै सांगतो. माझे ऑफिसचे काळे लेदरचे बूट खोक्यात होते, उघडले तर हिरवे झालेले, मला वाटलं कोणी दुसऱ्याचेच ठेवलेत. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं. पासबुकाची पानं एकमेकांना चिकटली. दोरीवरचा टॉवेल चौथ्या दिवशीपण ओलाच, आणि वास असा की तोंड पुसायला नको. हिने पैठणी काढून बघितली तर घडीवर पांढरे ठिपके, भुरशी! ही त्या दिवशी रडली, खरं सांगतो. शेजारच्या मावशी आल्या, साडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कपाटांत बल्ब घाल गे, दीसरात पेटोवन दवर." कपाटाच्या तळाला एक साधा छोटा पिवळा बल्ब, चोवीस तास चालू. तेव्हापासून आमच्या दोन्ही कपाटांत जूनला दिवा लागतो आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर विझतो. एलईडी नाही चालत, तो गरमच होत नाही.

हे सगळं सोसून ऑक्टोबरमध्ये पण तुम्हाला इथेच राहावंसं वाटलं तर मग पुढचे प्रश्न वाचा.

प्र. समुद्रापासून चालत जाता येईल असं काही मिळेल का?

मिळेल, पण घेऊ नका असं माझं मत आहे. एक तर किनाऱ्याच्या पट्ट्यात भाव तुमच्या-माझ्या पेन्शनचे राहिलेले नाहीत. दुसरं म्हणजे खारी हवा, ग्रिल, गॅसची शेगडी, फ्रिजचा मागचा पत्रा, सगळं गंजतं. तिसरं, सीझनमध्ये रात्रीचा आवाज आणि ट्रॅफिक. आणि सीआरझेड नावाचं प्रकरण आहे, भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामावर कडक बंधनं आहेत, बरीच बांधकामं त्यात अडकून कोर्टात गेलेली आहेत, आणि हे फक्त समुद्राला नाही, भरतीचं पाणी जिथवर आत चढतं त्या नद्यांच्या काठाला पण लागू होतं. "नदीकिनारी शांत प्लॉट" अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न तोच विचारा.

आम्ही समुद्र बघायला महिन्यातून एकदा जातो. इथले मूळ लोक तर त्याहून कमी जातात.

प्र. मग कुठला तालुका बरा?

गोवा आहेच केवढा, ३७०२ चौरस किलोमीटर, आपल्या पुणे जिल्ह्याच्या पाव भागाएवढा. पण तालुक्या-तालुक्यात फरक खूप. बार्देश (म्हापसा, पर्वरी, शिवोली, हळदोणे ही बाजू) सोयीचा आहे, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे सुख आहे, पण बाहेरच्या लोकांनी सगळ्यात जास्त घेतलंय ते तिथेच. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर बघायचे असतील तर तिकडच्या नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर एप्रिलमध्ये उभे राहा. पर्वरी ज्यांना शहर सोडवत नाही त्यांच्यासाठी ठीक आहे. पणजी सुंदर, चालण्यासारखी, पण जुनी घरं मिळत नाहीत आणि नवी परवडत नाहीत. चोडण-दिवाडी या बेटांवर फेरीबोटीने जायचं, पहिला आठवडा मजा येते, नंतर रात्रीच्या इमर्जन्सीचा विचार येतो.

पेडणे मोपाच्या विमानतळामुळे झपाट्याने बदलतंय, जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुरू झाली आणि जमिनीचे भाव त्याच्या आधीच उडाले होते. पण माणसं आपली वाटतील, अर्धी सावंतवाडीचीच बोली, देवळात दशावतार. डिचोली-साखळी मला स्वतःला आवडतं, बाजारपेठ चांगली, रवींद्र भवन आहे, फक्त खाणपट्ट्याच्या गावात घेत असाल तर ट्रकचा रस्ता कुठून जातो ते बघा, खाणी २०१२ ला बंद झाल्या म्हणून शांत समजून घेतलेल्या घरासमोरून पुन्हा ट्रक जायला लागू शकतात. सत्तरी म्हणजे वाळपईच्या पुढे जंगल, हवा मस्त, पाऊस सगळ्यात जास्त, माकडतापाच्या केसेस तिकडे झालेल्या आहेत, आणि दवाखाना लांब. वास्कोत बंदराच्या जवळ कोळशाच्या धुळीची तक्रार तिथले लोक वर्षानुवर्षं करतायत, बाल्कनीच्या फरशीवरून बोट फिरवून बघा. सासष्टीत मडगाव-फातोर्डा सगळ्या सोयींचं. काणकोण माझ्या मते सगळ्यात देखणा तालुका, पण मडगाव तासाभरावर, तेव्हा गुडघे आणि हृदय दोन्ही ठणठणीत असेल तरच.

आम्ही फोंडा घेतला कारण मडगाव वीसेक किलोमीटर, पणजी तीसेक, ओपाचा पाणी प्रकल्प जवळ, आणि मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी सगळं पंधरा-वीस मिनिटांत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने लोकांनी देव उचलून इकडे आणले, तेव्हा हा भाग त्यांच्या ताब्यात नव्हता. हिचं माहेरचं कुलदैवत इथलंच, त्यामुळे आमच्या घरात मतदान एकतर्फी झालं.

प्र. प्लॉट बघितलाय, एजंट म्हणतो टायटल क्लियर आहे. टोकन देऊ का?

नको!! हे उत्तर मोठं आहे, चहा घेऊन बसा.

२०१५ मध्ये मी बार्देशातल्या एका गावात प्लॉट बघितला, चारशे चौरस मीटर, दोन आंब्याची झाडं, समोर शेत. कोपऱ्यात एक कौलारू खोपटं होतं आणि एक म्हातारी बाई अंगणात सोलं वाळत घालत होती. एजंट म्हणाला ती राखण करते. मी पन्नास हजार टोकन दिलं. आठ दिवसांनी वकिलाने एक-चौदाचा उतारा काढला (आपला सात-बारा तसा इथे एक-चौदा) आणि बोट ठेवलं. मालकाच्या रकान्यात एक नाव, कुळाच्या रकान्यात भलतंच. आणि ती बाई राखणदार नव्हती, मुंडकार होती. मी नंतर एकटाच परत गेलो, विचारलं आजी तुम्ही इथे कधीपासून, तर म्हणाली, "हांव हांगाच लग्न जावन आयल्यां." म्हणजे साठेक वर्षं. तिने मला सोलाचं सरबत पण दिलं. टोकन मात्र परत आलं नाही, एजंटचा फोन अजून लागत नाही.

तर कुळ आणि मुंडकार हे दोन शब्द पाठ करा. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार, त्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्याला काढता येत नाही आणि ते घर विकत घ्यायचा हक्क त्याचा आहे. जमीन कसणारं ते कुळ, त्याचा कायदा १९६४ चा. आणि हे योग्यच आहे असं मला वाटतं, पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसाला आपल्या सी-व्ह्यूसाठी कोणी का उठवायचं. फक्त आपण डोळे उघडे ठेवायचे.

तिसरा शब्द कोमुनिदाद. गावकऱ्यांच्या सामूहिक मालकीची जमीन, पोर्तुगीजांच्याही आधीपासूनची गावकरीची पद्धत. कोमुनिदादच्या जागेत बेकायदा बांधलेली घरं "स्वस्तात" विकायला असतात. हात लावू नका.

चौथं झोन. टाऊन अँड कंट्री प्लॅनिंगमधून झोनिंग सर्टिफिकेट स्वतः काढा, सेटलमेंट (वस्तीची जागा) आहे की ऑर्चर्ड (बागायत) ते बघा. "ऑर्चर्ड आहे पण बदलून देतो" हे वाक्य ऐकलं की उठायचं. भातशेतीची जमीन तर शेतकरी नसलेल्याला विकायला २०२३ च्या कायद्याने बंदीच आहे. घर बांधायच्या जागेला सनद (बिगरशेती वापराची परवानगी) हवी, आणि सनदेत किती मीटर आहे ते बघायचं, प्लॉट आठशेचा आणि सनद तीनशेची असले प्रकार असतात. शहरात एक-चौदाऐवजी फॉर्म डी असतो. वकील एजंटने सुचवलेला नको, आपला स्वतःचा, शक्यतो त्याच तालुक्यात प्रॅक्टिस करणारा.

प्र. जुनं पोर्तुगीज काळातलं घर घेऊन रिपेअर करायचं स्वप्न आहे, कसं वाटतं?

स्वप्न छान आहे. आता सह्या मोजा. गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७ चा, वारसाच्या बाबतीत त्यातलंच बरंचसं आता २०१२ च्या वारसा कायद्यात आलंय. नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे दोघांची मिळून धरतात, त्यामुळे विकताना दोघांची सही लागते. वडिलांच्या घराला सहा भावंडं असतील तर सहा अधिक त्यांचे सहा जोडीदार, त्यातला एक लिस्बनला, दोन लंडनला, एक वारलेला आणि त्याची तीन मुलं. वाटणी इन्व्हेंटरी (वारसांची आणि मालमत्तेची यादी) करून कोर्टातून झालेली असेल तरच पुढे बोला. आमच्या ओळखीच्या एकाने अकरा सह्या घेतल्या, बारावी बहीण मुंबईला होती, तिला विचारलंच नव्हतं.

शिवाय मंगलोरी कौलं दर मे महिन्यात परतावी लागतात, ती माणसं मिळत नाहीत आता. वाळवी वेगळी. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, आत ओल अडकते.

प्र. फ्लॅट घ्यावा की स्वतंत्र घर?

साठीच्या आत असाल तर घर, पुढे फ्लॅट. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, घर नंबर आणि रेरा नंबर बघितल्याशिवाय पैसे नाहीत. लिफ्टला जनरेटर आहे का विचारा, मे-जूनमध्ये पहिल्या वादळाला झाडं तारांवर पडतात आणि वीज जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते.

प्र. दवाखान्याचं काय?

मोठ्यात मोठं म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, मूळ १८४२ ची पोर्तुगीज वैद्यकीय शाळा. म्हापसा आणि मडगावला जिल्हा हॉस्पिटलं, फोंड्यात उपजिल्हा, खाजगीही बरीच. सरकारी विमा आहे, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा, पण त्याला गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, तेव्हा आल्या आल्या मिळेल असं धरू नका, मेडिक्लेम तिकडून येताना चालू ठेवा.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री दीडला हिच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, गाडी लगेच निघाली, ड्रायव्हर विचारतो घर कुठे. मी सांगतोय देवळाकडून डावीकडे, मग वडाकडून उजवीकडे, मग चढ. आमच्या वाड्यावर दिवे गेलेले, पाऊस धो-धो, गाडी आमच्या घरावरून दोनदा पुढे गेली. शेवटी शेजारचा मुलगा चड्डी-बनियनवर छत्री आणि टॉर्च घेऊन वडाखाली जाऊन उभा राहिला. गाडी आली पण आमच्या चिंचोळ्या बोळात वळेना, हिला खुर्चीत बसवून चौघांनी रस्त्यापर्यंत उचलून नेलं. पित्ताशयाचे खडे निघाले, हृदय नव्हतं, देवाची कृपा. तर घर बघताना हॉस्पिटल किती किलोमीटर हे सगळेच विचारतात, तुम्ही दारापर्यंत ॲम्ब्युलन्स येऊन वळते का ते बघा, आणि छत्री घेऊन येणारा कोणी शेजारी आहे का तेही. बंद गेटच्या कॉलनीत वर्षातले दहा महिने आजूबाजूचे सगळे फ्लॅट कुलूपबंद असतात.

प्र. आम्हाला गाडी चालवता येत नाही, जमेल का?

फोंडा, मडगाव, पणजी, म्हापसा या गावांत राहिलात तर जमेल. खेड्यात कठीण. कदंबच्या (इथली एसटी) आणि प्रायव्हेट बसेस आहेत पण संध्याकाळी सातनंतर बहुतेक गावांत संपल्या. पायलट म्हणजे पिवळी-काळी मोटरसायकल टॅक्सी, सत्तरीतली बाई मागे बसून बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन जाताना दिसेल तुम्हाला, हिने अजून धीर केलेला नाही. बाकी शहरांसारखी ॲपवर दोन मिनिटांत टॅक्सी मिळेल या भ्रमात राहू नका आणि टॅक्सीचे दर ऐकून बसून घ्या. मुंबईला जायला कोकण रेल्वे आहे (पूर्ण लाईन १९९८ पासून), थिवी, करमळी, मडगाव यातलं जवळचं स्टेशन पकडायचं.

प्र. मराठी चालतं का तिकडे?

धावतं. देवळात आरती मराठी, भजनी मंडळ मराठी, घरोघरी मराठी पेपर, नवप्रभा, गोमन्तक, तरुण भारत. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेला गावोगावच्या मंडळांची नाटकं असतात आणि प्रेक्षक एवढे की पुण्याने लाजावं. पणजीला पाट्टोवर सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ ची, मराठीचा विभाग बघून मी पहिल्या दिवशी जेवायला घरी गेलो नाही.

पण बोलायची भाषा कोंकणी. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीचा वापरही सरकारी कामाला होतो. आणि एक हात जोडून विनंती, कोणाच्याही ओसरीवर बसून "कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना" असं म्हणू नका. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर इथे मतदान झालं, लोकांनी नको म्हणून सांगितलं, आणि ती जखम आणि तो अभिमान दोन्ही अजून घरांत आहेत, कधी कधी एकाच घरात. मी हे वाक्य पहिल्या वर्षी म्हणालो होतो. चहा आला, पण बिस्किटं आली नाहीत.

प्र. "भायले" (बाहेरचे) म्हणून त्रास देतात का?

त्रास नाही, लक्ष ठेवतात. डोंगर कापून व्हिला झाले, विहिरी आटल्या, गावचा रस्ता गेट लावून बंद झाला, मग लोक चिडणार नाहीत तर काय करणार. तुम्ही चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची) सामान आणायला बाजारात दिसलात, जत्रेला पावती फाडलीत, कोणाच्या घरी मर्तिकाला गेलात, की दोन-तीन वर्षांत "आमगेले" होता. कंपाऊंड वॉल घालताना पूर्वापार पायवाट अडवू नका, तेवढ्यावरून आयुष्यभराचं वैर होतं.

प्र. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, चालेल का?

चालेल हो, देवळांच्या आसपास खाणावळी उत्तम. सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) सायकलवर पों-पों करत दारात येतो, गरम पोळी आणि उंडो, दोन्ही पावाचेच प्रकार. पावसाळ्यात तायकिळा, कुडुक, रानातली आळमी (अळंबी), तिचा भाव ऐकून मटण परवडलं म्हणाल. मासे खाणाऱ्यांनी १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते हे लक्षात ठेवावं, तेव्हा नदीचं नुस्तें (मासे) किंवा सुकं.

प्र. साप येतात का घरात?

येतात.

प्र. सीनियर सिटिझन पेन्शन मिळते म्हणे गोव्यात?

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, पण १५ वर्षं गोव्यात राहिलेले पाहिजेत. ऐंशीव्या वर्षी बघू.

प्र. दोघांपैकी एक गेलं तर मागे राहिलेल्याने काय करायचं?

हा प्रश्न फोनवर कोणी विचारत नाही, इथे आल्यावर रात्री जेवण झाल्यावर विचारतात. मी दोन कामं केलीत. एक, घर आणि खाती दोघांच्या नावावर, मृत्युपत्र इथल्याच वकिलाकडून, कारण वारसाचे नियम आपल्याकडच्यासारखे नाहीत. दुसरं, गावात स्मशान कोणाचं आहे ते विचारून घेतलं. हसू नका, काही गावांत स्मशानाची जागा खाजगी असते किंवा ठरावीक समाजाची, आणि वाद ऐन वेळेला निघतात. मी पंचाला (पंचायत सदस्याला) विचारलं तर तो आधी गोंधळला, मग मला घेऊन जाऊन जागा दाखवली, ओहोळाच्या पलीकडे, काजूची झाडं आहेत. हिला अजून सांगितलेलं नाही की मी बघून आलोय. तिने सांगितलंय की मी आधी गेले तर तू डोंबिवलीला परत जायचं, तुला साधं कपाटातला दिवा लावायचं पण लक्षात राहत नाही.

प्र. बरं मग आम्ही कधी येऊ तुमच्याकडे बघायला?

जूनमध्ये या. डिसेंबरमध्ये आमच्याकडे जागा नसते.